मळ म्हणून पुसला, तो रंग!

दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या घरी दरवर्षी कशाचा ना कशाचा बळी जातो. एका वर्षी माझ्या एम. ए. च्या टिपणवह्या रद्दीबरोबर गेल्या. (सौ.च्या मते त्यात कुणाचेही नुकसान झाले नाही, विद्यार्थ्यांचे तर नाहीच.) मागच्या दिवाळीत जो बळी गेला, त्याचे पाप मात्र सर्वस्वी माझे. मी आमची जुनी ढोलकी स्वच्छ केली.

ही ढोलकी माझ्या आजोबांची. आमचे मूळ गाव वरोऱ्याहून चिमूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर. वरोरा म्हटले की वाचकांना आनंदवन आठवते, आणि ते योग्यच आहे; पण वरोरा सोडून पूर्वेकडे निघालात की हळूहळू झाडीपट्टी लागते. तिथली करमणूक म्हणजे दंडार. भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात, आणि मंडईच्या रात्री दंडार नाही तर नाटक ठरलेले. आजोबा दंडारीत ढोलकी वाजवीत. त्यांच्यामागे ती मोठ्या बाबांच्या मांडीवर आली. मोठे बाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आज त्यांनी ऐंशी ओलांडली आहे. दोन वर्षांपूर्वी डोळ्यांच्या शस्त्रक्रियेसाठी ते आमच्याकडे राहायला आले, तेव्हा ट्रंकेबरोबर ढोलकीही आली आणि दिवाणखान्यातल्या खुंटीवर बसली.

तिचे रूप सांगायचे तर काळपट, तपकिरी, चिकट. कुठेकुठे लालसर झाक. डाव्या पुडीच्या जवळ, जिथे वाजवणाऱ्याच्या मनगटाचा गोळा टेकतो, तिथे रंग पार झिजून लाकूड उघडे पडलेले. पण ते लाकूडही हाताच्या तेलाने चकचकीत, जुन्या देवघराच्या उंबऱ्यासारखे. पाहुण्यांपुढे ही वस्तू मला जरा ओशाळवाणी वाटे. म्हणून मोठे बाबा चार दिवस गावी गेलेले पाहून मी तिला खाली उतरवले.

आधी ओले फडके फिरवले. त्याने फक्त पांढरट डाग उमटले. मग दारांना पॉलिश केले तेव्हाची उरलेली स्पिरिटची बाटली आठवली. कापसाचा बोळा भिजवून घासला आणि काय सांगू! बोळा लालभडक! एवढा मळ निघतो आहे हे पाहून मला आनंदाचे भरते आले. दुसरा बोळा, तिसरा बोळा. झिजलेल्या जागेवर पॉलिश पेपरही फिरवला. सातव्या बोळ्याला ढोलकीच्या पोटावर पोळीएवढे पांढुरके लाकूड दिसू लागले तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आले, की मळ कधी लाल नसतो. मी रंग पुसत होतो.

मोठे बाबा परत आले. त्यांनी ढोलकी मांडीवर घेतली, डावा हात सवयीने जागेवर टेकवला आणि तसाच थांबवला. मग म्हणाले, "काहून रे, घासून घासून माहा हातच पुसून टाकला का तुनं?"

यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या.

आता हा रंग होता तरी काय? तो होता लाखेचा. आपल्याकडचे कातारी लाकूड चरकावर फिरवतात आणि फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबून धरतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळते आणि लाकडावर चढते. पाळण्याचे खांब, पोळपाट-लाटण्याची खेळणी, भोवरे, सगळ्यांवरचा तो तुळतुळीत रंग याच जातीचा. कर्नाटकातल्या चन्नपट्टणचे कारागीर त्यावर केवड्याच्या जातीचे पान दाबून झळाळी आणतात. सावंतवाडीची लाखकाम केलेली खेळणी तर मराठी वाचकाला ठाऊक आहेतच.

आणि लाख म्हणजे तरी काय? पळसाच्या, बोरीच्या, कुसुमाच्या कोवळ्या फांदीवर एक इवलासा किडा बसतो, रस शोषतो आणि अंगाभोवती राळेचे कवच करतो. ते कवच खरवडले की कच्ची लाख. ती धुतली की लाल रंग पाण्यात उतरतो. बायका पायांना लावीत तो अळता त्याचाच. धुतलेली लाख वितळवून पातळ पत्र्यासारखी ओढली की झाला चपडा, आणि चपडा स्पिरिटमध्ये विरघळला की झाले सुताराचे पॉलिश. गोंदिया-गडचिरोलीकडे आजही पळसावर नि कुसुमावर लाख धरतात. म्हणजे जो पदार्थ आमच्याच रानात पिकतो, त्याचा गुणधर्म मराठीच्या प्राध्यापकाला ठाऊक नव्हता! वास्तविक मी वर्गात दरवर्षी सांगतो, की 'लाख' हा शब्द 'लाक्षा'वरून आणि 'अळता' हा 'अलक्तक'वरून आला. लाक्षागृह का भडकले, तेही सांगतो. लाख स्पिरिटमध्ये विरघळते, एवढेच सांगायचे राहिले होते. बालगंधर्वांची गाणी ज्या जुन्या तबकड्यांवर घराघरांत गेली, त्या तबकड्याही लाखेच्याच. त्यांनाही स्पिरिट लावले तर गाणे पुसले जाईल.

चूक झाल्यावर माणूस ती झाकायला धावतो, तसा मीही धावलो. त्याच कपाटात चपड्याची जुनी बाटली होती. तीत थोडा गेरू कालवून मी उघड्या लाकडाला फासला. तीन दिवस झाले तरी तो वाळेना. वर धूळ बसली आणि धाकट्या चिरंजीवांच्या पाच बोटांचे ठसे उमटले. शेवटी पॉलिशवाल्या मिस्त्रींना बोलावले. त्यांनी बाटली हुंगली आणि बाजूला ठेवली. चपडा स्पिरिटमध्ये भिजवला की वर्षभरात त्याचा जीव जातो. मग तो कधीच नीट कडक होत नाही. कोरडा चपडा ठेवावा, लागेल तेवढा ताजा भिजवावा. आणि असल्या बारीक कामाला पातळ, लिटरभर स्पिरिटला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास.

मिस्त्रींनी माझा लेप हलक्या हाताने उतरवला. मग उरलेल्या ढोलकीचा खरा मळ कसा काढायचा ते दाखवले. आधी कोरडा मऊ ब्रश. नंतर काडीला गुंडाळलेला कापूस, आणि तो कशात भिजवायचा? थुंकीत! मी तोंड वाकडे केले. पण मागाहून वाचनात आले, की मोठमोठ्या संग्रहालयांतले तज्ज्ञही जुन्या चित्रांवरची काजळी थुंकीच्या बोळ्याने काढतात; लाळेतली पाचक द्रव्ये स्निग्ध मळ सोडवतात आणि ओलही बेताची राहते. तेलकट थरासाठी टर्पेंटाइन, कारण ते लाखेला विरघळवीत नाही. दरवेळी आधी दोरीखालच्या, न दिसणाऱ्या जागी एक टिपका लावून पाहायचा. बोळ्यावर करडे आले तर मळ, लाल आले तर थांबायचे. चामड्याच्या पुडीजवळ कसलेही पातळ द्रव्य न्यायचे नाही.

असे करीत असता मिस्त्रींनी ताणाची एक दोरी बाजूला सारली. खाली पट्टी दिसली कुंकवासारखी लाल. ऊन नाही, हात नाही, धूर नाही. आजोबांनी आणली त्या दिवसाचा रंग तिथे तसाच झाकून राहिला होता. माझे डोळे चमकले. म्हटले, मिस्त्री, हाच रंग द्या सगळीकडे! कातारी चरकावर चढवून दोन तासांत ती नवी कोरी करून देईल. मोठे बाबा चष्मा पुसून त्या पट्टीकडे बराच वेळ बघत राहिले. एवढी लाल त्यांनीही तिला कधी पाहिली नव्हती. मग म्हणाले, "हे माह्या बापाची ढोलकी होय. माही तं काळी हाय. मले माहीच पायजे."

निकाल लागला. जुळवायचे ते जुनेपणाशी.

हे दुखणे एकट्या आमचे नाही. शिकागोच्या लडविग कारखान्याचे ड्रम जगभर गाजले. बीटल्सच्या रिंगो स्टारने १९६३ साली त्यांचाच मोतिया-काळा संच घेतला. त्या काळच्या ड्रमांवर शिंपल्यासारखी चमक असलेला सेल्युलॉइडचा पत्रा चिकटवलेला असे. सेल्युलॉइड म्हणजे जुन्या सिनेमाच्या फिती नि पिंगपाँगचे चेंडू ज्याचे होत तेच. उजेडाने ते पिवळे पडते. पांढरे ड्रम साठ वर्षांत लोण्यासारखे, मग मधासारखे होतात. आणि धातूच्या पट्ट्या काढल्या की खाली मूळचा पांढरा रंग निघतो, आमच्या दोरीखालच्या लालीसारखा. नवा पांढरा तुकडा आणून जोडावा तर तो ठिगळासारखा उठून दिसतो, म्हणून तिकडचे शौकीनही तुकडा पिवळटवूनच बसवू पाहतात.

मिस्त्रींचे रंग जुळवणे हे एक बघण्यासारखे प्रकरण होते. त्यांनी लाकडाची फळी घेतली आणि तिच्यावर गेरू, पेवडी, काजळी आणि स्पिरिटमध्ये विरघळणारा लाल असे टिपके मांडले. लाल फार भडक झाला तर त्यात किंचित हिरवा. हिरव्याने लाली दबते, हे मला कोड्यासारखे वाटले, पण डोळ्यांदेखत दबली. ओला टिपका गडद दिसतो, वाळला की फिका, वर चपड्याचा हात फिरला की पुन्हा गडद; म्हणून प्रत्येक टिपका वाळवून, त्यावर चपडा देऊन मगच ढोलकीशेजारी धरायचा. रात्री ट्यूबलाइटखाली एक टिपका मला अगदी तंतोतंत वाटला. मिस्त्री म्हणाले, सकाळी बघू. सकाळी अंगणातल्या सावलीत तोच टिपका चक्क जांभळा! दोन रंगांचे घटक निराळे असले तर ते एका दिव्याखाली जुळतात आणि दुसऱ्याखाली फारकत घेतात. साड्यांवर ब्लाउजपीस जुळवणाऱ्या भगिनींना हे शास्त्र पूर्वीपासून अवगत आहे. दुकानाच्या पायरीवर येऊन कापड उजेडात धरतात ते उगीच नव्हे.

अकराव्या टिपक्याला जुळले. मग लावताना ब्रशचा एकच हात, घासणे नाही. कारण ओले स्पिरिट कडेचा जुना रंगही ओढून नेईल. एक थर, अर्धा दिवस वाळवण, पुन्हा एक थर. असे सात. कडा बोटाने टेकवून विरवल्या. शेवटी नवी चकाकी मोडायला बारीक प्यूमिसची पूड. खिडकीतून तिरपा उजेड पडला तर जोड अजून कळतो. मिस्त्रींनी तो दाखवला आणि म्हणाले, एवढा राहू द्या.

मनगटाच्या जागेला मात्र त्यांनी हात लावला नाही. "रंग देता येतो मास्तर, हात कुठून देऊ?" असे म्हणून त्यांनी मजुरी घेतली आणि चहा पिऊन गेले. तिथे पांढुरके, मी घासलेले लाकूड तसेच राहिले.

मी मोठ्या बाबांची क्षमा मागितली. त्यांनी ऐकले न ऐकल्यासारखे केले आणि कड्या सरकवून दोऱ्या ताणायला घेतल्या. आता ते रोज संध्याकाळी अर्धा तास वाजवतात. बोटे पूर्वीसारखी पळत नाहीत, मध्येच ठेका सुटतो, आणि शेजारच्या बिऱ्हाडातून दार लावल्याचा आवाज येतो. गेल्या आठवड्यात मी खुंटीवरून ढोलकी उतरवून पाहिली. डाव्या बाजूच्या त्या लाकडाला रुपयाएवढी पिवळसर झाक आली आहे.

भाऊबीजेनंतरच्या मंडईला ते गावी जायचे म्हणतात. शाईची पुडी जरा उतरली आहे, ती त्याआधी भरून आणायची आहे. या खेपेला ढोलकी मी धरून नेणार, पण फडके घरी ठेवून, असे सौ.ने बजावले आहे.