सोन्याची जेली!

सोनं म्हटलं की आठवतो जळगावचा सराफ बाजार. पण सोन्याची जेली ऐकलीय? (मी कॉन्व्हेंटवाला, मराठी चुकली तर सांभाळून घ्या!)

पाण्यात धातूचे नॅनोकण एकमेकांना दूर ढकलत तरंगतात. हे ढकलणं रसायनाने कमी केलं की कण चिकटतात, जाळी बनते आणि ती पाणी धरून ठेवते. हेच जेल.

खरी परीक्षा वाळवताना! उन्हाळ्यात जळगाव-धुळ्याची काळी माती वाळताना आक्रसून भेगाळते. जेलचंही तसंच, पाण्याचा पृष्ठताण जाळी आत ओढतो. म्हणून पाण्याच्या जागी आधी अ‍ॅसिटोन, मग द्रव कार्बन डायऑक्साइड भरतात. ३१ अंश सेल्सिअस आणि हवेच्या सुमारे ७३ पट दाब ओलांडला की द्रव-वायू भेदच संपतो, पृष्ठताणही. मग वायू हळूच सोडायचा. उरतं ते एरोजेल.

सिलिका एरोजेलवर कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही संशोधन झालंय. मौल्यवान धातूंच्या नॅनोकणांचं एरोजेल २००९ साली जर्मनीत ड्रेस्डेनच्या संशोधकांनी केलं.

उपयोग काय? फ्युएल सेलमध्ये प्लॅटिनमचा पृष्ठभागच काम करतो, आतला महागडा धातू नुसता बसून! जाळी केली तर थोड्या प्लॅटिनममध्ये भरपूर पृष्ठभाग मिळतो. फ्युएल सेल स्वस्त व्हायची आशा इथेच आहे.

आपल्या हॉस्टेलवर मे महिन्यात ३१ अंश कधीच ओलांडलेले असतात. दाब? तो सबमिशनचा आहेच!