मुंबईचा विमानतळ

मुळशीच्या जलाशयाकाठी उभे राहिले म्हणजे सह्याद्रीच्या माथ्यावरून पश्चिमेकडे जाणारी विमाने दृष्टीस पडतात. त्यांतील पुष्कळशी आपल्या राज्याच्या राजधानीत, म्हणजे मुंबईस, उतरतात.

मुंबईचा पहिला विमानतळ १९२८ साली जुहू येथे सुरू झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपालाच्या थैल्या घेऊन एका चिमुकल्या विमानातून तेथेच उतरले. पण जुहूची जमीन सखल होती. पावसाळ्यात तेथे पाणी साचे, आणि टाटांना आपले ठाणे पुण्यास येरवड्याच्या मैदानावर हलवावे लागे! पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सांताक्रूझ येथे लष्करी विमानांचा मोठा तळ होता. तोच युद्धानंतर नागरी विमानतळ झाला.

प्रवाशांची तपासणी, सामानाची देवघेव व विमानात चढण्या-उतरण्याची सोय ज्या इमारतीत होते तिला टर्मिनल म्हणतात. सांताक्रूझचे टर्मिनल १९५८ साली बांधले गेले. परदेशी प्रवाशांसाठी १९८१ साली सहार येथे दुसरे उभे राहिले, व त्याच्याच जागी २०१४ साली आजची भव्य इमारत खुली झाली. रस्त्याने जाणाऱ्यास सांताक्रूझ व सहार हे दोन निराळे विमानतळ वाटतात. वस्तुतः मैदान एकच आहे, आणि दोन्हींकडील विमाने त्याच धावपट्ट्या वापरतात. १९९९ साली या विमानतळास छत्रपती शिवरायांचे नाव देण्यात आले.

धावपट्ट्या दोन आहेत खऱ्या, परंतु त्या एकमेकींस छेदून जातात. त्यामुळे दोहींवर एकाच वेळी विमाने उतरविता येत नाहीत. मोठी पट्टी सुमारे साडेतीन किलोमीटर लांब असून पूर्व-पश्चिम पसरली आहे. तिच्या टोकांना ०९ व २७ असे अंक आहेत. होकायंत्रावर पूर्व ९० अंशांवर व पश्चिम २७० अंशांवर असते. त्यांतील शेवटचे शून्य गाळले की हे अंक मिळतात. विमान वाऱ्यास सामोरे जाऊन उतरते. म्हणूनच समुद्रावरून वारा वाहत असता ते घाटकोपरच्या घरांवरून येऊन पश्चिमेकडे तोंड करून भूमीला टेकते. अशा या एका पट्टीच्या आधारे दिवसाकाठी नऊशेहून अधिक विमानांची ये-जा होते. येथील नियंत्रकांच्या दक्षतेचे मला नेहमीच नवल वाटते.

या धावपट्टीखालून मिठी नदी वाहते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली. मिठीला पूर आला आणि विमानतळ बंद पडला. भोवती दाट वस्ती असल्यामुळे त्यास वाढावयास जागाही उरलेली नव्हती.

म्हणून खाडीपलीकडे, उलव्याजवळ, नवी मुंबईचा विमानतळ बांधण्यात आला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. त्यासाठी उलव्याची टेकडी सपाट करावी लागली, नदीचा प्रवाह वळवावा लागला आणि दहा गावांतील लोकांना घरे सोडावी लागली. त्यांना इतरत्र विकसित भूखंड देण्यात आले. परंतु अंगण, विहीर आणि ग्रामदेवतेचे मंदिर यांचे मोल भूखंडात कसे मोजावे? मुळशीकरांना हा प्रश्न नवा नाही. मुंबईच्या विजेसाठी बांधल्या जाणाऱ्या धरणाविरुद्ध १९२१ साली सेनापती बापटांच्या बरोबरीने येथील शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला होता. ज्या जलाशयाकाठी उभे राहून आपण विमाने पाहतो, त्याच्या तळाशी त्यांची शेते आहेत.