पाठीवरची पट्टी ओढली, चर्रर्र!

डोंबिवलीतल्या सोसायटीत संध्याकाळी पकडापकडी रंगली, की गॅलरीतून किती डोकी डोकावतात, पाहिलंय? आज्या, काकू, कामावरून दमून आलेले काका, सगळे थबकतात. खेळ अगदी साधा, तरी नजर हलत नाही. असं का होतं?

कोरियातल्या टीव्हीवाल्यांना याचं उत्तर बरोबर सापडलंय. तिथला ‘रनिंग मॅन’ हा कार्यक्रम २०१० साली सुरू झाला. त्यातला गाजलेला खेळ असा: प्रत्येकाच्या पाठीवर नावाची पट्टी, वेल्क्रोनं चिकटवलेली. कुणी ती ओढली, की चर्रर्र! तुम्ही बाद. सुरुवातीला ही मंडळी रात्री बंद मॉलमध्येसुद्धा खेळायची. ठाण्याचा कोरम मॉल रात्रभर फक्त तुमच्या टोळीला मिळाला तर? काय धमाल!

आता यातली खरी जादू बघा. आपला मेंदू एका वेळी मोजक्याच गोष्टींकडे नीट लक्ष देऊ शकतो. कॅमेऱ्यासमोर छान हसायचं, जपून बोलायचं, यातही त्याचं बरंच लक्ष खर्च होतं. पण मागून कुणी पट्टी ओढायला धावून आलं, की सगळं लक्ष तिकडे! मग चेहरा सांभाळणार कोण? भित्रा किंचाळतो, लबाड मित्रालाच पुढे ढकलतो. हा क्षण निसटू नये म्हणून एकेका खेळाडूमागे वेगळा कॅमेरावाला धावतो. नंतर पडद्यावर मोठ्या रंगीत अक्षरांत त्याच्या मनातलं लिहितात, म्हणजे गर्दीत नेमकं कुणाकडे बघायचं ते आपल्याला कळतं.

आपल्याकडेही हे झालंय बरं का! आजीला टीव्हीवरच्या ‘होम मिनिस्टर’ या कार्यक्रमाबद्दल विचारा. २००४ पासून त्याचे सूत्रसंचालक आदेश भावोजी घरोघरी जायचे, वहिनींना खेळ खेळायला लावायचे आणि जिंकणाऱ्या वहिनींना पैठणी द्यायचे. आधी लाजून पदर सावरणाऱ्या वहिनी खेळ सुरू झाला, की कॅमेरा पार विसरायच्या. मला तर तोच भाग सगळ्यात आवडायचा.

आणि हसू? रॉबर्ट प्रोव्हाइन या अमेरिकी शास्त्रज्ञाला आढळलं, की टीव्ही-पुस्तक काही जवळ नसेल तर एकटं असताना हसतो त्याच्या सुमारे ३० पट आपण चारचौघांत हसतो. हसायला सोबत लागते! ‘रनिंग मॅन’मध्ये दर आठवड्याला बहुतेक तीच टोळी येते. हळूहळू कोण चिडका, कोण रडीचा डाव खेळणारा, हे आपल्याला पाठ होतं. मग घरी एकटे बसून बघतानाही ती मंडळी सोबतीला असल्यासारखी वाटतात.

करून बघायचंय? मोबाइलवर मित्राचे दोन व्हिडिओ काढा. आधी त्याला स्वतःची ओळख करून द्यायला सांगा. मग पाठीला कपड्यांचा चिमटा लावा, तो ओढायला कुणाला तरी मागे लावा आणि त्याला मोकळ्या मैदानात पळवा, जिन्यावर मात्र नको. दोन्ही व्हिडिओ आवाज बंद करून त्याच्या आईला दाखवा आणि विचारा, यातला तुमचा मुलगा कोणता?