आंधळी खातेवही आणि तिचा साक्षीदार

बिदर आणि कलबुर्गी हे तुरीचे जिल्हे. कलबुर्गीच्या तूरडाळीला 2019 साली भौगोलिक निर्देशांकही मिळाला. भालकी, औराद, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील कोरडवाहू शेतकऱ्याचे सारे वर्ष पावसावर तोललेले असते. पाऊस हुकला तर विम्याची रक्कम वेळेवर हाती पडावी, एवढीच त्याची अपेक्षा. पण पाऊस खरोखर हुकला की नाही, हे कोणी ठरवावयाचे?

शेजारच्या महबूबनगर जिल्ह्यात 2003 साली बेसिक्स आणि आयसीआयसीआय लोम्बार्ड यांनी पर्जन्यविम्याचा प्रयोग केला. त्यात शेताची पाहणी नव्हती. पर्जन्यमापकाचा आकडा ठरावीक मर्यादेखाली गेला की भरपाई द्यावयाची, असा नियम होता. असाच करार आता ब्लॉकचेनवर लिहिता येतो. ब्लॉकचेन म्हणजे अनेक संगणकांवर एकाच वेळी ठेवलेली सामाईक खातेवही. तिच्यावरील करार अट पुरी होताच आपोआप पैसे देतो. मध्ये कोणाची मर्जी चालत नाही. केनियातील लहान शेतकऱ्यांसाठी इथरिस्क आणि अ‍ॅक्रे आफ्रिका यांनी असा विमा प्रत्यक्ष चालविला आहे.

परंतु ही खातेवही आंधळी असते. तिच्या सर्व प्रतींत एकच उत्तर निघावे लागते. म्हणून तिला स्वतःहून बाहेरच्या जगाला काही विचारता येत नाही. बाहेरची माहिती तिच्यापर्यंत पोहोचविणाऱ्या व्यवस्थेला ओरॅकल म्हणतात. पूर्वी आणेवारी ठरविणाऱ्यांच्या शब्दावर शेतसाऱ्याची सूट अवलंबून असे, तशी येथे भरपाई ओरॅकलच्या शब्दावर अवलंबून असते. मात्र आणेवारीविरुद्ध दाद मागता येई. ब्लॉकचेनवर एकदा गेलेली रक्कम सहसा परत फिरत नाही. म्हणूनच हा साक्षीदार पारखून घ्यावा लागतो.

पहिली पारख उगमाची. पाऊस एका शिवारात कोसळतो आणि पलीकडचे शिवार कोरडे राहते. तालुक्याच्या गावी मोजलेला आकडा दूरच्या वाडीच्या काय कामाचा? कर्नाटकात ग्रामपंचायतीच्या पातळीवर स्वयंचलित पर्जन्यमापके बसविलेली आहेत. अशा जवळच्या मापकाचा आकडा मिळत असेल, तर तोच घ्यावा.

दुसरी पारख संख्येची. तीन मापकांनी 40, 42 आणि 2 मिलिमीटर पाऊस सांगितला, तर सरासरी 28 येते. मधला आकडा घेतला तर 40 मिळतो आणि एका बिघडलेल्या यंत्राने निकाल फिरत नाही. मात्र तिघेही एकाच ठिकाणचा आकडा उतरवून घेत असतील, तर ते तीन साक्षीदार नव्हेत, एकच होय.

तिसरी पारख लोभाची. 2022 च्या ऑक्टोबरात मँगो मार्केट्स या संगणकीय बाजारात एका व्यवहारकर्त्याने स्वतःच खरेदी करून एका नाण्याचा भाव फुगविला. ओरॅकलने तो इमानाने कळविला, आणि फुगलेल्या तारणावर दहा कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बाहेर गेली. खोटा आकडा घडवून आणण्याचा खर्च त्यापासून होणाऱ्या लाभापेक्षा नेहमीच मोठा असावा. त्यासाठी माहिती देणाऱ्यांची अनामत ठेवून घेण्याची आणि खोटेपणा उघड झाल्यास ती जप्त करण्याची पद्धत काही ओरॅकलांत आहे.

चौथी पारख सर्वांत महत्त्वाची. 2022 च्या हंगामात कलबुर्गी जिल्ह्यात मर रोगाने तुरीचे मोठे नुकसान झाले. पर्जन्यमापक कितीही अचूक असला, तरी त्याला वाळलेले झाड दिसत नाही. प्रश्नच चुकला असेल, तर खऱ्या उत्तरानेही अन्याय होतो. पंतप्रधान पीक विमा योजनेत पीककापणीचे प्रयोग केले जातात, ते याच कारणासाठी. तेथे प्रत्यक्ष उत्पन्न मोजले जाते.

म्हणून करार लिहितानाच दोन सोयी ठेवाव्यात. आकडा न आल्यास किंवा संशयास्पद वाटल्यास व्यवहार थांबावा. आणि पैसे सुटण्यापूर्वी हरकतीसाठी काही दिवस मोकळे असावेत. एवढ्या अवधीत औरादच्या एखाद्या शेतकऱ्याला आपले शिवार दाखवून ‘येथे पाऊस झालाच नाही’ असे सांगता आले पाहिजे.