फुटबॉलच्या सामन्यातील गोल व गुणांची मोजणी

प्राथमिक शाळेत खेळास जे स्थान दिले आहे, ते केवळ शरीर बळकट व्हावे एवढ्यासाठीच नव्हे. नियम अगोदर ठरवावा, तो सर्वांस सारखा लागू करावा आणि निकाल आपल्याविरुद्ध गेला तरी तो मान्य करावा, ही सवय मुलांस मैदानावर जितकी सहज लागते तितकी ती पाठ्यपुस्तकातील धड्याने लागत नाही. परंतु त्यासाठी नियम काय आहे, हे प्रथम शिक्षकास नीट ठाऊक असले पाहिजे.

सोनपेठ व आसपासच्या गावांत कबड्डी आणि खो-खो हे मुलांच्या अंगवळणी पडलेले खेळ होत. त्या मानाने फुटबॉल नवा. तथापि विश्वचषक स्पर्धेचे सामने आता दूरचित्रवाणीवर व मोबाइलवर खेड्यापाड्यांतही पाहिले जातात, आणि दुसऱ्या दिवशी पारावर व शाळेच्या आवारात त्यांची चर्चा होते. दोन्ही संघांचे गोल सारखे असता एक विजयी कसा ठरला? दोन संघांचे गुण सारखे असता एकच पुढे का गेला? असे प्रश्न मुले विचारतात. प्रस्तुत लेखात त्यांची उत्तरे क्रमाने दिली आहेत.

जुन्या हैदराबाद राज्याची परंपरा

फुटबॉल हा आपल्या भागास अगदीच परका खेळ नाही. परभणी जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, आणि त्या काळी हैदराबाद हे भारतीय फुटबॉलचे एक मोठे केंद्र होते. हैदराबाद शहर पोलीस संघाने मुंबईची प्रसिद्ध रोव्हर्स चषक स्पर्धा १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकली. या संघाचे मार्गदर्शक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळाशिक्षक होते, ही गोष्ट शिक्षकवर्गाने आवर्जून ध्यानी ठेवावी. पुढे भारतीय संघाची धुरा त्यांनीच वाहिली. १९५१ मध्ये दिल्ली येथे व १९६२ मध्ये जकार्ता येथे आशियाई क्रीडास्पर्धेत भारताने फुटबॉलचे सुवर्णपदक मिळविले, ते त्यांच्याच मार्गदर्शनाखाली.

१९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाचा ४-२ असा पराभव केला. त्यांपैकी तीन गोल मुंबईत खेळणाऱ्या नेव्हिल डिसोझा याचे होते. उपांत्य सामन्यात युगोस्लाव्हियाने भारतास ४-१ असे हरविले व तिसऱ्या क्रमांकासाठी झालेल्या सामन्यात बल्गेरियाने ३-० असे हरविले. भारत चौथा आला. ऑलिंपिकच्या फुटबॉलमध्ये भारताने गाठलेला हा सर्वांत वरचा क्रमांक होय.

गोल केव्हा होतो

दोन खांबांमधील अंतर ७.३२ मीटर व आडव्या दांडीची उंची २.४४ मीटर असते. पूर्वीच्या मापाने हे अंतर २४ फूट व उंची ८ फूट भरते. खांबांच्या मधून व दांडीच्या खालून संपूर्ण चेंडू संपूर्ण रेषेपलीकडे गेला म्हणजे गोल होतो. ‘संपूर्ण’ हा शब्द येथे दोनदा आला आहे व दोन्ही वेळा तो महत्त्वाचा आहे. चेंडूचा थोडासा भाग जरी रेषेच्या वर असला तरी गोल होत नाही.

हे वर्गात सहज दाखविता येते. मोठ्या फुटबॉलचा परीघ ६८ ते ७० सेंटिमीटर असतो. म्हणजे व्यास सुमारे २२ व त्रिज्या सुमारे ११ सेंटिमीटर. खडूने जाड रेषा आखावी व चेंडू तिच्या बाहेरच्या कडेपलीकडे हळूहळू सरकवावा. चेंडू जमिनीस जेथे टेकतो तो बिंदू रेषेपासून १० सेंटिमीटर दूर गेला तरी वरून पाहता चेंडूची कड रेषेवर असल्याचे दिसते; म्हणजे अजून गोल झालेला नाही. बाजूने पाहणाऱ्यास मात्र तो झालासा वाटतो. मैदानावरील निम्मे तंटे याच दृष्टिभ्रमातून उद्भवतात. मुलांनी हा प्रयोग स्वतः केला म्हणजे आपले डोळे आपणास फसवू शकतात, हे त्यांस कळते.

मोठमोठ्या पंचांचीही येथे चूक होते. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डने मारलेला चेंडू रेषेच्या बराच आत पडला असताही गोल दिला गेला नाही. २०१४ च्या विश्वचषकापासून चेंडू रेषेपलीकडे गेला किंवा नाही हे पंचांस तत्काळ कळविणारे यंत्र योजण्यात आले.

आणखी तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. स्वतःच्या खेळाडूकडून चेंडू आपल्याच गोलात गेला तर तो गोल प्रतिपक्षास मिळतो. बाजूच्या रेषेवरून हाताने फेकलेला चेंडू कोणासही न लागता थेट गोलात गेला तर तो गोल धरला जात नाही. कॉर्नरवरून मारलेला चेंडू मात्र प्रतिपक्षाच्या गोलात थेट गेला तरी गोल होतो.

गोल निराळे, गुण निराळे

कबड्डीत गडी बाद केला की गुण मिळतो, लोण चढविले की आणखी दोन गुण मिळतात व या गुणांवरच सामन्याचा निकाल लागतो. फुटबॉलमध्ये तसे नाही. सामन्याचा निकाल गोलांवर लागतो. गुण मिळतात ते सामना जिंकल्याबद्दल अथवा बरोबरीत सोडविल्याबद्दल. पाच गोलांनी जिंकले काय आणि एका गोलाने जिंकले काय, गुण सारखेच. हा भेद मुलांच्या मनात प्रथम स्पष्ट करावा.

पूर्वी विजयास २ गुण, बरोबरीस १ व पराभवास शून्य अशी रीत होती. या रीतीत एक सामना जिंकून दोन हरणारा संघ आणि दोन बरोबरीत सोडवून एक हरणारा संघ यांचे गुण सारखेच, म्हणजे २ होत. त्यामुळे पुष्कळ संघ जिंकण्याचा धोका न पत्करता बरोबरीवर समाधान मानीत. म्हणून इंग्लंडमधील साखळी स्पर्धेत १९८१ पासून व विश्वचषकात १९९४ पासून विजयास ३ गुण देण्यात येऊ लागले. नव्या रीतीने वरील पहिल्या संघास ३ गुण मिळतात व दुसऱ्यास २ च. नियमातील एका आकड्याने खेळाडूंची वृत्ती कशी बदलते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

जकार्ता येथील गुणतक्ता

१९६२ च्या आशियाई स्पर्धेत भारताच्या गटात चार संघ होते. प्रत्येकाने इतर तिघांशी एकेक सामना खेळावयाचा होता. भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून ०-२ असा हरला. नंतर त्याने थायलंडला ४-१ व जपानला २-० असे हरविले. गटाचा तक्ता, त्या काळच्या रीतीने विजयास २ गुण धरून, असा होतो :

दक्षिण कोरिया : विजय ३, पराभव ०, गोल केले ६, झाले २, फरक +४, गुण ६
भारत : विजय २, पराभव १; गोल केले ६, झाले ३; फरक +३; गुण ४
जपान : विजय १, पराभव २, गोल केले ३, झाले ४, फरक -१, गुण २
थायलंड : विजय ०, पराभव ३, गोल केले ४, झाले १०, फरक -६, गुण ०

हा तक्ता फळ्यावर लिहून मुलांकडून त्याचा ताळा करून घ्यावा. चारही संघांनी केलेल्या गोलांची बेरीज १९, व त्यांच्यावर झालेल्या गोलांची बेरीजही १९ च आली पाहिजे; कारण एकाने केलेला गोल दुसऱ्यावर झालेलाच असतो. म्हणून फरकांची बेरीज नेहमी शून्य येते. चार संघांचे सामने ६ व प्रत्येक सामन्यास २ गुण, म्हणून एकूण गुण १२. आजच्या रीतीने, एकही बरोबरी नसल्यामुळे, ते १८ होतील. प्रत्येक बरोबरीमागे एकूण गुणांत १ ने घट होईल. ताळा जुळला नाही तर तक्त्यात कोठेतरी चूक आहे, हे मुलांस आपोआप उमगते. धन व ऋण संख्यांचा पाठ यापेक्षा सोप्या रीतीने क्वचितच देता येईल.

गटातील पहिले दोन संघ उपांत्य फेरीत गेले. साखळीत एक पराभव पचतो. बाद फेरीत पचत नाही. भारताने उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामला ३-२ असे हरविले व ४ सप्टेंबर १९६२ रोजी अंतिम सामन्यात त्याच दक्षिण कोरियाचा २-१ असा पराभव केला. पी. के. बॅनर्जी व जर्नेलसिंग यांनी ते दोन गोल केले. डोक्यास टाके पडलेल्या जर्नेलसिंगास रहीमसाहेबांनी बचावाच्या जागेवरून काढून आघाडीस खेळविले होते. पहिल्या सामन्यात हरलेला संघ अखेर अजिंक्य ठरू शकतो, ही गोष्ट मुलांस अवश्य सांगावी.

गुण सारखे झाल्यास

दोन संघांचे गुण सारखे झाले तर पूर्वी गोलांची सरासरी काढीत. म्हणजे केलेल्या गोलांस झालेल्या गोलांनी भागीत. १९७० च्या विश्वचषकापासून भागाकाराऐवजी वजाबाकी आली. एका संघाने ६ गोल केले व त्याच्यावर ३ झाले. दुसऱ्याने ३ केले व त्याच्यावर १ झाला, असे समजा. भागाकाराने पहिल्याचे २ व दुसऱ्याचे ३ येतात, म्हणून दुसरा वर. वजाबाकीने पहिल्याचे ३ व दुसऱ्याचे २ येतात, म्हणून पहिला वर. गोल तेच, निकाल उलटा. शिवाय एखाद्या संघावर एकही गोल झाला नसेल तर शून्याने भागण्याची अडचण येते ती निराळीच.

२०२२ च्या विश्वचषकात पोलंड व मेक्सिको यांचे गुण ४-४ असे सारखे होते. पोलंडचा गोलफरक शून्य होता व मेक्सिकोचा उणे १. म्हणून पोलंड पुढे गेला. २०१८ मध्ये जपान व सेनेगल यांचे गुण, गोलफरक व केलेले गोल सारेच सारखे होते, आणि त्यांचा आपसातील सामनाही २-२ असा बरोबरीत सुटला होता. तेव्हा कोणास किती पिवळी कार्डे दाखविली गेली, हे पाहण्यात आले. जपानला ४ व सेनेगलला ६ होती. जपान पुढे गेला. गैरवर्तनाचाही हिशेब होतो, हा बोध यातून घेता येतो. परंतु त्याच जपानने शेवटच्या सामन्यात पोलंडविरुद्ध ०-१ असे मागे असता अखेरची काही मिनिटे चेंडू आपसातच फिरवीत काढली. ते नियमात बसत होते. शोभत होते काय, याची चर्चा वरच्या वर्गात करण्याजोगी आहे.

जादा वेळ व पेनल्टी किक

बाद फेरीत ९० मिनिटांत निकाल न लागल्यास सामान्यतः १५-१५ मिनिटांचे दोन डाव जादा देतात. तरीही बरोबरी राहिली तर प्रत्येक संघ ११ मीटरवरून आळीपाळीने पाच किक मारतो. पाचांनंतरही बरोबरी असेल तर निकाल लागेपर्यंत एकेक किक चालू राहते. ही पद्धत १९७० मध्ये मान्य झाली. तत्पूर्वी कित्येकदा सामना पुन्हा खेळवीत अथवा नाणे उडवीत.

१८ डिसेंबर २०२२ रोजी अर्जेंटिना व फ्रान्स यांच्या अंतिम सामन्यात ९० मिनिटांनंतर २-२ व १२० मिनिटांनंतर ३-३ अशी स्थिती होती. किकांत अर्जेंटिना ४-२ असा विजयी झाला. तरीही तो ७-५ असा जिंकला असे लिहीत नाहीत. सामना ३-३, व किकांत ४-२, अशीच नोंद होते. या किका खेळाडूच्या गोलांतही धरीत नाहीत. फ्रान्सच्या एमबापेने त्या सामन्यात तीन गोल केले व नंतरची किकही आत मारली; पण स्पर्धेतील त्याचे गोल ८ च मोजले गेले. सामना चालू असता दिलेल्या पेनल्टी किकवरचा गोल मात्र इतर गोलांसारखाच धरतात.

शाळेत काय करावे

खेड्यातील शाळेत पूर्ण मापाचे मैदान क्वचितच मिळते. काळ्या जमिनीत पावसाळ्यात चिखल व उन्हाळ्यात भेगा, ही अडचण सर्वत्र आहे. तरी पाच-पाच अथवा सात-सात मुलांचे लहान सामने, दहा-दहा मिनिटांच्या दोन डावांत, सहज घेता येतात. भेगा असलेली जागा मात्र टाळावी. मुलींचे संघही अवश्य करावेत; नियम तेच आहेत.

१. चेंडू मैदानावर जाण्यापूर्वी नियम फळ्यावर लिहावेत : विजयास किती गुण, गुण सारखे झाल्यास प्रथम काय पाहावयाचे, नंतर काय. मोठ्या स्पर्धांतही हा क्रम सर्वत्र एकच नसतो. परंतु तो अगोदर प्रसिद्ध केलेला असतो.

२. आडवी दांडी नसेल तर किती उंचीपर्यंतचा चेंडू गोल धरावयाचा, हे खांबांवर खूण करून ठरवावे.

३. दोन्ही गोलांजवळ रेषेच्या सरळीत एकेक विद्यार्थी उभा करावा व तो दर सामन्यास बदलावा. न खेळणाऱ्या मुलांस हे काम आधी द्यावे.

४. तक्ता मुलांनीच ठेवावा, ताळा मुलांनीच करावा. शिक्षकाने तो तपासावा.

नियम अगोदर ठरलेला नसला की मैदानावर ज्याचा आवाज मोठा त्याचा गोल ठरतो. अशा वेळी लहान मूल, नवखे मूल, अथवा ज्याच्या घरच्यांचा गावात दबदबा नाही असे मूल गप्प बसते, आणि आपले खरे असूनही ऐकले जात नाही, हे शिकून घरी जाते. फळ्यावर लिहिलेला नियम त्या मुलाच्या बाजूने बोलतो. त्याने ‘चेंडू रेषेवर होता’ असे म्हटले तर रेषेजवळ उभ्या असलेल्या विद्यार्थ्यास विचारावे व तो सांगेल तसे तक्त्यात लिहावे. एवढी शिस्त पाळली गेली तर सामना कोणीही जिंको, त्या तासाचे काम झाले असे समजावे.