पिंपळपानाचे शुभेच्छापत्र

वर्षाच्या मध्येच एखादा सोबती शाळा सोडून जातो, हा अनुभव निवासी शाळेत वाढलेल्या कोणालाही नवा नाही. आपल्या बुलढाणा जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी, बांधकामासाठी दूर जातात आणि आईवडिलांसोबत मूलही जाते. वसतिगृहातील एक पेटी उचलली जाते, पंगतीत एक ताट कमी होते. अशा कितीतरी सोबत्यांना आम्ही निरोप दिला आणि त्यांतील बहुतेकांना कायमचे गमावले. भांडण कोणाशीच झाले नव्हते. पत्ता लिहून घ्यायचा तेवढा राहून गेला होता. ते शल्य मनात ठेवूनच, दूरच्या मित्रासाठी स्वहस्ते शुभेच्छापत्र कसे करावे, हे आम्ही येथे सांगत आहोत.

दूरच्या मित्राला भेट पाठवण्याची रीत आपल्या परंपरेत फार जुनी आहे. 'महावंस' या पाली ग्रंथानुसार सम्राट अशोक आणि सिंहलद्वीपाचा राजा देवानंपिय तिस्स यांनी एकमेकांना कधीही पाहिले नव्हते. तरीही ते मित्र होते. त्यांच्यात भेटवस्तूंची देवाणघेवाण झाली आणि पुढे थेरी संघमित्रा बोधिवृक्षाची शाखा घेऊन त्या द्वीपावर गेल्या, असे हा ग्रंथ सांगतो. त्या शाखेचा मानला जाणारा वृक्ष अनुराधपुरात आजही वंदिला जातो. श्रीलंकेत वैशाख पौर्णिमेला आप्तेष्टांना शुभेच्छापत्रे पाठवण्याची प्रथाही आहे. म्हणून आमच्या शुभेच्छापत्रावर आम्ही पिंपळाचेच पान लावतो.

पावसाळा सरत आला की पिंपळाची पक्व, न किडलेली पाने निवडावीत. कोवळे पान चालत नाही, कारण त्याच्या शिरा सोसत नाहीत. पाने भांड्यात पाण्याखाली बुडवून तीन ते चार आठवडे ठेवावीत आणि अधूनमधून पाणी बदलावे. पाण्यातील सूक्ष्मजीव पानाचा मऊ गर कुजवतात. शिरा मात्र चिवट असल्याने टिकून राहतात. गर सुटू लागला की पान ताटलीत ठेवून मऊ ब्रशने हलकेच घासावे, स्वच्छ पाण्यातून काढावे आणि रद्दी कागदात घालून जाड पुस्तकाखाली दाबावे. दोन दिवसांत जाळीदार पान तयार होते. १४ ऑक्टोबरच्या धम्मचक्र प्रवर्तन दिनासाठी शुभेच्छापत्र पाठवायचे असेल, तर ऑगस्टच्या अखेरीसच पाने भिजत घालावीत. घाईने घासलेले पान फाटते. या कामात उतावीळपणाला जागा नाही.

कागद शक्यतो हातकागद घ्यावा. दौलताबाद-खुलताबाद परिसरातील कागजीपुरा या गावाची ख्याती या कागदामुळेच आहे, तर पुण्यात १९४० पासून हातकागद संस्था कार्यरत आहे. सुती चिंध्यांपासून केलेला कागद दीर्घकाळ टिकतो. वर्तमानपत्राचा कागद लाकडाच्या लगद्यातील घटकांमुळे लवकर पिवळा पडतो. खामगावच्या कापूस बाजाराचा वारसा सांगणाऱ्या आपल्या जिल्ह्याला कापसाचे मोल वेगळे सांगायला नको. हातकागद न मिळाल्यास साधा कार्डशीटही चालेल. कागदाची घडी चमच्याच्या पाठीने दाबून घालावी, म्हणजे कड सरळ येते. पान चिकटवताना मैद्याची खळ फक्त मधल्या शिरेवर व देठाला लावावी. सर्वत्र लावल्यास कागदाला सुरकुत्या पडतात.

मजकुरासाठी तयार चारोळी शोधू नये. जे त्या मित्रालाच कळेल, तेच लिहावे: पहाटेची घंटा, विहिरीवरची रांग, वंदनेच्या वेळी दोघांना आवरेनासे झालेले हसू. चार-पाच वाक्ये पुरेत. शेवटी एक प्रश्न अवश्य विचारावा, कारण प्रश्न असला की उत्तर लिहिणे सोपे जाते.

यानंतरचे काम सर्वांत महत्त्वाचे, ते म्हणजे पत्ता. १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्या देशात सहा अंकी पिनकोड आहे. त्याचा पहिला अंक टपाल विभाग दाखवतो, पहिले तीन अंक मिळून छाननीचा जिल्हा आणि शेवटचे तीन अंक वाटप करणारे टपाल कार्यालय. बुलढाण्याचा पिनकोड ४४३००१ आहे. कामासाठी सतत जागा बदलणाऱ्या कुटुंबाचा पत्ता टिकत नाही. म्हणून मूळ गावी राहणाऱ्या आजोबांच्या किंवा मामांच्या 'मार्फत' पत्र पाठवावे. पाकिटावर स्वतःचा पत्ताही लिहावा, म्हणजे न पोहोचलेले पत्र परत येऊ शकते आणि दुसरा पत्ता शोधता येतो. मित्र परदेशी असेल, तर खरे पान न लावता त्याचे चित्र काढावे; वनस्पतींचे भाग टपालाने आणण्यावर काही देशांत कडक निर्बंध आहेत.

पालकांना आमची विनंती आहे, की मुलाचा दाखला काढताना त्याच्या दोन सोबत्यांचे पत्तेही त्याच्या वहीत लिहून घ्यावेत. माजी विद्यार्थी बंधुभगिनींनी ही स्मरणिका मिटण्यापूर्वी एक नाव आठवावे आणि गावाकडच्या कोणाला तरी विचारून त्याचा पत्ता मिळवावा. पान भिजायला चार आठवडे लागतात; तेवढ्या अवधीत पत्ता नक्की सापडेल.