ऊन पाण्याच्या गावी एक मुक्काम

जपान म्हटले की वेगवान आगगाड्या, यंत्रे आणि हिरोशिमा या तीन गोष्टी आपल्याला चटकन आठवतात. याच देशातील माणसे सवड मिळाली की एखाद्या डोंगरातल्या गावी जातात, दारात बूट काढून लाकडी घरात शिरतात, सुती झगा अंगावर चढवतात आणि एका मुक्कामात तीन-तीन वेळा अंघोळ करतात. अशा घराला ‘र्योकान’ म्हणतात आणि ज्या पाण्यासाठी हा सारा खटाटोप, त्या पाण्याला ‘ओन्सेन’. मी अर्थातच जपान पाहिलेला नाही. परंतु या मुक्कामाविषयी जे वाचले त्यात नियमांची एवढी गर्दी दिसली की हे नियम कशासाठी, याचा शोध घ्यावासा वाटला. बरेचसे नियम एकाच गोष्टीतून निघालेले आहेत : पाणी एकट्याचे नाही.

ओन्सेन म्हणजे नुसते गरम पाणी नव्हे. १९४८ साली जपानने यासाठी स्वतंत्र कायदाच केला. जमिनीतून निघताना जे पाणी निदान २५ अंश सेल्सियस उष्ण असते, किंवा ठरवून दिलेल्या १९ द्रव्यांपैकी एक तरी द्रव्य ज्यात ठरावीक प्रमाणात असते, ते ओन्सेन. म्हणजे हाताला थंड लागणारे पाणीही कायद्याने ओन्सेन ठरू शकते! जपानची बेटे ज्वालामुखींच्या पट्ट्यात असल्याने जमिनीत मुरलेले पावसाचे पाणी तापून, क्षार घेऊन वर येते. कुठे ते गंधकाने पांढुरके होते, कुठे लोहाने तांबूस. राहण्याची सोय असलेली अशी ठिकाणे तीन हजारांच्या आसपास आहेत. वज्रेश्वरी-गणेशपुरीची कुंडे किंवा कोकणातील ‘उन्हाळे’ ज्यांनी पाहिली आहेत त्यांना पाण्याचा वास नवा वाटणार नाही. नवे आहे ते त्याभोवती उभे राहिलेले घर.

ही घरे फार जुनी आहेत. यामानाशी प्रांतातील निशियामा ओन्सेनचे केइउन्कान हे र्योकान इ. स. ७०५ मध्ये सुरू झाल्याचे सांगतात; जगातील सर्वांत जुने हॉटेल म्हणून २०११ मध्ये गिनेसने त्याची नोंद केली. मात्र या घरांना केवळ श्रीमंतांची चैन समजणे चूक होईल. ‘तोजी’ नावाची एक प्रथा आहे. भाताची कापणी उरकली, हातपाय आंबले, की ईशान्य जपानमधील शेतकरी कुटुंबे तांदूळ, मिसो आणि लोणची बरोबर घेऊन ऊन पाण्याच्या गावी जात. घरमालक फक्त खोली आणि चूल देई. स्वयंपाक ज्याचा त्याने करायचा. सात दिवसांचा एक ‘फेरा’ आणि पुरते बरे वाटायचे तर तीन फेरे, असा हिशेब असे. औषधोपचार, विश्रांती आणि चार गावच्या लोकांची गाठभेट ही सारी कामे त्यात होत. अशी स्वतः रांधून राहण्याची सोय काही ठिकाणी अजूनही टिकून आहे. मला र्योकानचे हे रूप सर्वांत जवळचे वाटते.

आता आजचा मुक्काम कसा असतो ते पाहू. पाहुणे दुपारी तीनच्या सुमारास येतात. ‘गेंकान’ म्हणजे प्रवेशाची खोलगट ओसरी. तेथे बूट उतरवायचे आणि सपाता घालायच्या. खोलीपाशी आले की सपाताही बाहेर राहतात, कारण आतील जमीन ‘तातामी’ची, म्हणजे लव्हाळ्याच्या विणीने मढवलेल्या जाड चटयांची असते. शौचालयासाठी सपाता वेगळ्या, आणि त्या तेथेच सोडायच्या. आपल्या आज्यांना हे निराळे शिकवावे लागले नसते! खोलीत खाट नसते. एक बैठे मेज, बसायला गाद्या आणि भिंतीत ‘तोकोनोमा’ नावाचा कोनाडा. त्यात एखादे लोंबते चित्र किंवा फुलांची रचना असते, आणि सामान ठेवायला जागा बरी दिसली तरी तेथे काही ठेवायचे नसते. ‘नाकाइ’ म्हणजे खोलीची व्यवस्था पाहणारी बाई चहा आणि गावचा एखादा गोड पदार्थ आणून देते. घराची सूत्रे ‘ओकामी’च्या, म्हणजे यजमानीणबाईंच्या हाती असतात. रात्रीचे व सकाळचे जेवण बहुधा भाड्यातच धरलेले असते आणि भाडे खोलीवर नव्हे, माणशी आकारतात.

खोलीत ‘युकाता’ नावाचा सुती झगा घडी करून ठेवलेला असतो. तो नेसताना डावा पदर उजव्यावर यावा लागतो. उलटा पदर फक्त प्रेताला नेसवतात. श्रीमंत, गरीब, साहेब, कारकून सगळे एकाच नक्षीचा झगा घालून हिंडत असतात.

मग अंघोळ. स्त्री-पुरुषांच्या न्हाणीघरांवर वेगवेगळे पडदे लावलेले असतात, बहुधा पुरुषांकडे निळा आणि स्त्रियांकडे तांबडा. पुष्कळ ठिकाणी रात्रीनंतर हे पडदे अदलाबदल करतात. दोन्हीकडची कुंडे सारखी नसतात. एकीकडून दरी दिसते तर दुसरीकडून बाग, आणि दोन्ही सुखे सगळ्यांना मिळावीत हा त्यामागचा न्याय. काल संध्याकाळी जिकडे गेलो तिकडेच पहाटे अर्धवट झोपेत शिरणाऱ्याने मात्र पडद्याचा रंग पाहिलेला बरा.

आपल्याकडे अंघोळ म्हणजे अंग स्वच्छ करणे. जपानी कुंडात त्यासाठी उतरायचे नसते. स्वच्छता आधी उरकायची. भिंतीलगत नळ असतात, प्रत्येकापुढे एक बुटके स्टूल व घंगाळवजा भांडे. बसून साबण लावायचा, फेसाचा थेंबही राहणार नाही असे अंग धुवायचे आणि मगच कुंडात पाऊल ठेवायचे. अंगावर कपडा चालत नाही. जवळचा लहान पंचा पाण्यात बुडवायचा नाही; लोक तो घडी करून डोक्यावर ठेवतात. लांब केस वर बांधायचे. पाणी साधारण ४० ते ४२ अंशांचे असते, तेव्हा फार वेळ बसले तर घेरी येते. म्हणून थोडे बसावे, बाहेर यावे, पुन्हा जावे. अनोळखी लोकांत विवस्त्र होण्याच्या कल्पनेनेच आपल्यापैकी बहुतेकांना संकोच वाटेल, मलाही वाटतो. परंतु नीट पाहिले तर यातला एकही नियम पाहुण्याच्या शोभेसाठी नाही. माझ्या अंगचा मळ तुमच्या पाण्यात येऊ नये, एवढेच त्याचे सार आहे.

पाणी ‘खरे’ असावे याविषयी जपानी माणूस हळवा आहे. गुन्मा प्रांतातील कुसात्सु येथील पाणी निघते तेव्हा अंगाला सोसवत नाही इतके कढत असते, आणि कमालीचे आम्लही. थंड पाणी मिसळले तर ते पातळ होणार! म्हणून तेथे लांब फळ्यांनी पाणी वरखाली घुसळून निववण्याची पद्धत पडली आणि त्या तालावर गाणीही गातात. याच कुसात्सुची थोरवी एर्विन फॉन बेल्झ या जर्मन डॉक्टरने पाश्चात्त्यांना सांगितली. उलट बाजूही आहे. २००४ साली नागानो प्रांतातील शिराहोने ओन्सेनमध्ये दुधासारखे दिसणारे पाणी पूड घालून पांढरे केले जात असल्याचे उघडकीस आले आणि देशभर गदारोळ उठला. पुढल्याच वर्षी नियम बदलला : पाण्यात साधे पाणी मिसळले आहे काय, ते तापवले आहे काय, तेच ते फिरवून वापरले आहे काय, त्यात काही घातले आहे काय, हे पाटीवर लिहिणे बंधनकारक झाले. तरीही २०२३ मध्ये फुकुओका प्रांतातील एका जुन्या र्योकानात आठवड्याला बदलायचे पाणी वर्षातून दोनदाच बदलत असल्याचे आढळले. पाहुण्यांना अंग धुऊन येण्याचे नियम, आणि घरमालकाचे हे वर्तन!

पण हे पाणी मुळात कोणाचे? या प्रश्नावर एक गाव तब्बल तेवीस वर्षे भांडले. ह्योगो प्रांतातील किनोसाकी हे गाव सार्वजनिक स्नानगृहांसाठी प्रसिद्ध आहे. आज त्यांची संख्या सात सांगतात. तेथे म्हणतात की सगळे गाव मिळून एकच र्योकान आहे : स्टेशन हे त्याचे दार, रस्ता ही पडवी, घरोघरची र्योकाने या खोल्या आणि सार्वजनिक स्नानगृहे हे न्हाणीघर. संध्याकाळी युकाता घातलेले पाहुणे लाकडी खडावा वाजवत एका स्नानगृहातून दुसऱ्यात जातात. १९२५ च्या भूकंपात व आगीत हे गाव बेचिराख झाले. पुन्हा उभारणी होत असताना, १९२७ साली, एका र्योकानने आपल्याच आवारात ऊन पाण्याचे कुंड केले. जमीन माझी, तिच्या खालचे पाणी माझे, असा त्याचा युक्तिवाद. गाव म्हणाले, पाणी सर्वांचे आहे. प्रत्येकाने घरात कुंड केले तर सामाईक स्नानगृहे ओस पडतील. प्रकरण कोर्टात गेले आणि समेट व्हायला १९५० साल उजाडले. घरात कुंड करायला मुभा मिळाली, पण लहान. मुख्य मान बाहेरच्या स्नानगृहांचाच राहिला. र्योकानात उतरलेल्याला या स्नानगृहांचा पास मिळतो, आणि बाहेरून आलेला कोणीही पैसे भरून आत जाऊ शकतो.

त्याच काळातला आणखी एक खटला जपानच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असतो. तोयामा प्रांतातील उनाझुकी येथे सुमारे साडेसात किलोमीटर लांबीच्या नळातून ऊन पाणी आणले होते. तो नळ वाटेत एका तुकड्याच्या दोन ‘त्सुबो’, म्हणजे आपल्या चार चटयांएवढ्या जमिनीवरून जात होता. एकाने मुद्दाम ती जमीन विकत घेतली आणि ‘नळ काढा, नाहीतर ही आणि शेजारची जमीन भारी किंमत देऊन घ्या’ असा तगादा लावला. १९३५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. हक्क असला तरी त्याचा असा दुरुपयोग करता येणार नाही, असे ते तत्त्व.

१९२७ हा आकडा वाचून मी थांबलो. त्याच वर्षी, २० मार्चला, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले होते. तेथेही कोर्टात तळे खासगी की सार्वजनिक हा वाद झाला आणि १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांच्या बाजूने निकाल दिला. या दोन लढ्यांना एका पंगतीला बसवणे मात्र बरोबर नाही. किनोसाकीत भांडणारे सगळे पाण्यात आधीच उतरलेले होते. भांडण मालकीचे होते. महाडला प्रश्न माणूस म्हणून पाण्याला हात लावण्याचा होता.

तो दुसरा प्रश्न जपानलाही चुकलेला नाही. कपडे उतरले की मोठा-लहान भेद गळतो आणि माणसे मोकळी होतात, असे तेथे अभिमानाने म्हणतात. कुंडात उतरलेल्यांपुरते ते खरे असेल. परंतु दारातूनच परत पाठवलेल्याचे काय? होक्काइदोमधील ओतारू येथे एका ओन्सेन स्नानगृहाने परदेशी लोकांना बंदी केली होती; तीत जपानचे नागरिकत्व घेतलेला, जन्माने अमेरिकन असा गृहस्थही अडवला गेला. २००२ मध्ये साप्पोरोच्या न्यायालयाने हा वांशिक भेदभाव ठरवून भरपाई द्यायला लावली. गोंदवलेल्या लोकांना अजूनही पुष्कळ ठिकाणी मज्जाव असतो, कारण तेथे गोंदण गुंडांच्या टोळ्यांशी जोडले गेले आहे. २०१३ मध्ये हनुवटीवर पारंपरिक गोंदण असलेल्या न्यूझीलंडच्या एका माओरी स्त्रीलाही परत पाठवले गेले. किनोसाकीच्या सार्वजनिक स्नानगृहांत मात्र गोंदणाला आडकाठी नाही.

सर्वांत जिव्हारी लागणारी हकिकत २००३ ची. कुमामोतो प्रांतातील किकुची केइफुएन या आरोग्यधामात कुष्ठरोगातून बरे झालेले वृद्ध राहत. त्यांना सक्तीने अलग ठेवणारा कायदा १९९६ मध्ये रद्द झाला होता आणि २००१ मध्ये कोर्टाने सरकारला दोषीही ठरवले होते. प्रांत सरकारने त्यांच्यासाठी एका ओन्सेन गावी एका रात्रीचा मुक्काम ठरवला. हॉटेलने, इतर पाहुण्यांना त्रास होईल म्हणून, नकार दिला. प्रांताने हे जाहीर केले, हॉटेलने माफी मागितली, आणि ती मनापासूनची नाही म्हणून वृद्धांनी ती स्वीकारली नाही. त्यानंतर निंदेची पत्रे आणि फोन आले ते हॉटेलला नव्हे, या वृद्धांना! पुढल्या वर्षी हॉटेल बंद झाले. कुंडापूर्वी अंग कसे धुवावे हे ज्या समाजाने इतके बारकाईने ठरवले, त्याच्या मनात बऱ्या झालेल्या रोगाचा विटाळ राहिला होता. यावर बोट ठेवताना आपण आपल्याकडेही पाहावे, हे सांगायला नकोच.

रात्रीच्या जेवणाविषयी थोडक्यात. ते लहान लहान बशांतून क्रमाने येते : त्या मोसमातील भाज्या, कच्चे मासे, उकड, भाजलेले, शेवटी भात, लोणचे आणि मिसोचे सार. शाकाहारी माणसाने आधी कळवणे बरे, कारण साराच्या पाण्यातही माशाचा अर्क असतो. जेवण होईपर्यंत खोलीतले मेज बाजूला सारून ‘फुतोन’, म्हणजे जमिनीवरच्या गाद्या, घातलेल्या असतात. लोक झोपण्यापूर्वी एकदा, आणि पहाटे पुन्हा एकदा कुंडावर जाऊन येतात. १९८० च्या सुमारास देशात ऐंशी हजारांहून अधिक र्योकाने होती. २०१८ पर्यंत ती चाळीस हजारांच्या खाली आली. स्वस्त हॉटेले वाढली, आणि यजमानांच्या मुलांना हा चोवीस तासांचा धंदा नको आहे.

सकाळी दहाच्या सुमारास खोली सोडायची. बक्षिसी देण्याची पद्धत नाही. ओकामी आणि नाकाइ दारापर्यंत येतात आणि पाहुणा दिसेनासा होईपर्यंत वाकून निरोप देतात. बिलात खोली-जेवणाखाली एक छोटी वेगळी रक्कम असते, साधारणपणे माणशी १५० येन. तो स्नानाचा कर. तो र्योकानच्या मालकाला मिळत नाही. झऱ्यांची राखण, गावची स्वच्छता आणि आगीचे बंब यांसाठी तो गावच्या नगरपालिकेकडे जमा होतो.